समजलं नाही तर हात वर करा

फादर रेमंड यांची आणि माझी पहिली ओळख माझ्या रागातून झाली. भुसावळच्या आमच्या चर्चमध्ये मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतो. फादर नुकतेच बदलून आले होते. ते वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले आणि मी ‘पवित्रीकरण करणारी कृपा’ शिकवत असताना त्यांनी हात वर केला.

“सर, म्हणजे काय?”

मुले खिदळली. मी पुस्तकातले वाक्यच जरा मोठ्याने पुन्हा म्हटले. त्यांनी पुन्हा हात वर केला. तो राग घरी जेवणापर्यंत टिकला.

पुढे हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला. प्रवचनात समजले नाही तर कुणीही हात वर करावा. आधी कुणी करेना. मग रेल्वे कॉलनीतल्या आजीबाई धीट झाल्या आणि मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लांबू लागली. देवळाची शाळा केली, अशी कुरकुर काही मंडळींनी केली. फादरांनी ती ऐकून घेतली आणि पुढच्या रविवारी त्याच मंडळींना दारात विचारले, “आज कुठं अडलं का?”

माझी धाकटी बहीण मंगला शिंदखेड्याला असते. तिचे बाळ स्नानसंस्काराआधीच, म्हणजे बाप्तिस्मा व्हायच्या आतच, गेले. सांत्वनाला आलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी तिला मूळ पाप, कृपेचा अभाव असे बरेच काही ऐकवले. तिला त्यातले एवढेच कळले, की आपल्या बाळाला देवाने घेतले नाही. तिने चर्चला जाणे सोडले, मग जेवणही टाकले. मी पुस्तके धुंडाळत बसलो. फादरांनी मला उठवले आणि आम्ही शिंदखेड्याची गाडी पकडली.

मंगलाने त्यांना बसाही म्हटले नाही. उंबऱ्यातच विचारले, “मनं बाळ कोठे शे, फादर?”

फादर मूळचे वसईचे. अहिराणी इथेच शिकलेले. ते म्हणाले, “देवना जोडे शे, बाई. मी दखेल नही, पन देवले मी वळखस. तो लेकरूले दारबाहेर ठेवत नही.”

ती खूप रडली. संध्याकाळी फादरांबरोबर भाकरी खाल्ली.

परतताना मी अस्वस्थ होतो. बाळ देवाजवळच आहे असे तुम्ही सांगितलेत, पुस्तकात तर फक्त ‘आशा बाळगावी’ असे आहे, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “बाळगतो ना, सर. दिसलं नाही, हेही सांगितलं. मग आशा काय पुस्तकातच ठेवायची?” ते डोळे मिटून बसले. मला मात्र भुसावळपर्यंत स्वस्थ बसवले नाही. अजूनही बसवत नाही.

आता फादरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि ते निवृत्त धर्मगुरूंच्या घरी राहायला जाणार आहेत. सगळे आनंदाने हार-शालीचे बोलत आहेत. मला ते जायला नको आहेत, हे सरळच लिहितो. उद्या एखादी मंगला उंबऱ्यात उभी राहून विचारील, तेव्हा उत्तर मला द्यावे लागेल. मला ते जमेल का, या काळजीने मी त्यांच्या गौरव अंकासाठी हा लेख लिहिताना सारखा उठतो आहे.

काल मंगला माझ्याकडे आली, तेव्हा लेख तिला वाचून दाखवला. ती आता दर रविवारी मिस्सेला पुढच्या रांगेत असते. बाळाचा भाग तिने मान खाली घालून ऐकला. शेवटी मी लिहिले होते : ‘त्यांना उदंड आयुरारोग्य लाभो, हीच परमेश्वरचरणी विनम्र प्रार्थना.’

तिने हात वर केला.

“दादा, फादरले आसं सांगशी का तू?”

मी ते वाक्य खोडले. फादर, खूप वर्षे जगा. गोळ्या वेळेवर घ्या, गुडघे सांभाळा. आणि नाताळला इकडे या. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसा, आणि मी चुकलो की हात वर करा.