दिवस मावळायच्या आत

निपाणीला माझं काहीही काम नव्हतं. तरी मी निघाले होते आणि तेच माझ्या मुलाला खुपत होतं. "काम काय आहे तिथं?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचं फर्मान आहे, आईने एकटीने हिंडायचं नाही. कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली आणि आईच्या पायाला भिंगरी लागली, असं तो चारचौघांत हसून सांगतो. लागली तर लागली! जन्मभर मी कामासाठीच घराबाहेर पडले. खडेबाजारात वाणसामान आणायला, दवाखान्यात, कुणाच्या लग्नाबारशाला. आता मला बिनकामाचं जायचंय. त्या दिवशी बेळगावहून निघताना त्याने बजावलं, "हे शेवटचं हं, आई." मी पिशवी उचलली. खरं सांगायचं तर मनातून डगमगले होते. गुडघा दुखत होताच.

बसमध्ये शेजारी एक म्हातारी बसली होती, चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातली. कंडक्टरशी कानडीत भांडायची, माझ्याशी मराठीत बोलायची. त्या दिवशी तिचं एकभुक्त होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही दिवस मावळायच्या आत. निपाणीत लेकीकडे ताट वाढून तयार होतं. पण संकेश्वर मागे पडलं आणि बसने मान टाकली. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून बघितलं आणि विडी पेटवली. तेव्हाच आम्ही काय ते समजलो. मागून आलेली बस इतकी खच्चून भरलेली होती की ती थांबलीसुद्धा नाही.

ऊन कलायला लागलं. म्हातारीच्या मुलाचा फोन आला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनमधलं सगळं साऱ्या बसला ऐकू येत होतं.

"आई, एक दिवस रात्री खाल्लंस तर काय हुतंय? तुझ्या वयाला चालतंय की."

"तुला चालतंय न्हवं? मग तू खा," म्हणून तिने फोन बंद केला आणि माझ्याकडे वळली. "नेम मी धरलाय, आक्का. सोडायचा झाला तर मीच सोडीन. त्येनं कशाला सांगावं?"

माझ्या डब्यात बटाट्याची भाजी. जमिनीखाली पिकलेलं ती खात नाही. पण तिचं ते बोलणं ऐकून मला बसवेना. रस्त्यापलीकडे उसाच्या कडेला एक घर होतं, छपरातून धूर निघत होता. म्हटलं, "चला." माझा गुडघा आणि तिची वाकलेली पाठ, आम्हाला तो रस्ता ओलांडताना बघून ट्रकवालेही थांबले.

दारात एक तरुण बाई म्हशीची धार काढून उठत होती. मी सरळच सांगितलं, यांना दिवस मावळायच्या आत जेवायचंय, कांदा-लसूण चालत नाही. आम्ही कोण, कुठल्या, काही विचारलं नाही तिने.

"आत या की. त्यात काय इचारायचं?"

तिने भाकरी थापायला घेतली. म्हातारीने पिशवीतून स्वच्छ फडकं काढलं आणि तांब्यातलं पाणी आपल्या हाताने गाळून घेतलं. मी दारात उभी राहून उन्हावर नजर ठेवली. ताट आलं. भाकरी, दही, गूळ आणि भाकरीवर लालभडक चटणी! आमच्या भागात चटणीशिवाय ताट वाढायचं म्हणजे पाहुण्याचा अपमानच. त्या बाईच्या हाताने सवयीने आपलं काम केलं होतं, लसणासकट.

म्हातारीने हात मागे घेतला. त्या बाईने कपाळावर हात मारला. "आगं बया! माझा मेला हातच वाईट!" मी ते ताट माझ्यापुढे ओढलं आणि म्हटलं, "हे माझं. तुम्ही दुसरी थापा, लवकर." चटणी झणझणीत होती. डोळ्यांतून पाणी आलं, पण मी ताट पुसून खाल्ली.

दुसरी भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली. तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. म्हातारी घाईने जेवली नाही. दह्यात गूळ कुस्करून एकेक घास चावून खाल्ला, पाणी प्यायली आणि अंगणात चूळ भरली. तेव्हाही उसाच्या शेंड्यांवर ऊन होतं. तिने त्याच्याकडे असं बघितलं की मला हसू आलं. जिंकली होती ती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगा.

"पोचलीस?"

"नाही. बस बंद पडलीय. वाटेत एका घरी जेवले."

"कुणाच्या?"

"माहीत नाही."

"बघ! म्हणून सांगतो, आता पुरे. हे शेवटचं."

म्हातारी पदराने तोंड पुसत माझ्याकडे बघत होती.

"शेवटचं कुठलं ते मी ठरवीन," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात गुंजीला चाललेय."

"गुंजीला? तिथं काय काम?"

"काही नाही."