निळ्या डब्यातून परत आलेली फाइल

यजमान जाऊन नऊ महिने झाले. या काळात ज्यांचे मी मनापासून आभार मानले, त्यांत खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा पहिले. आणि तेही त्यांनी मला रागावल्याबद्दल.

आमच्या जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या घरात अमेरिकेचं राजकारण दर रविवारी दुपारी यायचं. धाकटे दीर ओहायोतल्या एका गावात राहतात. त्यांचा कारखाना मेक्सिकोला हलला, नोकरी गेली, आणि पुढच्या निवडणुकीत ‘मी तुमच्यातलाच, बड्यांना धडा शिकवतो’ म्हणणाऱ्या उमेदवाराला त्यांनी मत दिलं. यांना ते पटेना. व्हिडिओ कॉलवर जुंपायची.

“अरे, ज्यांनी तुझा कारखाना हलवला, त्यांच्याच देणग्यांवर तुझा हा लोकांचा माणूस उभा आहे.”

“आणि तुझा आवडता पक्ष? तो काय माधुकरी मागून निवडणूक लढवतो?”

मी स्वयंपाकघरातून हसले. ते दोघांनाही आवडलं नाही.

एका रविवारी दीर म्हणाले, “दादा, तुझी नोकरी शाबूत आहे, म्हणून तुला तत्त्वं परवडतात.” यांनी लॅपटॉप मिटला. पाच महिने कोणी कोणाला फोन केला नाही. मग एका सकाळी, कामावर निघताना बुटाची नाडी बांधता बांधता, हे गेले.

दीर आले, दिवस होईपर्यंत राहिले. निघताना विमानतळावर त्यांनी विचारलं, “वहिनी, दादा माझ्यावर रागावूनच गेला का हो?”

दिलासा देणारं काहीतरी सहज बोलता आलं असतं. पण खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. “माहीत नाही, भावजी,” मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि ते आत गेले. तो चेहरा पुढे कित्येक दिवस समोर यायचा.

नंतर मी कागद आवरायला घेतले. इथे प्रत्येक कागदाला भोकं पाडून तो ऑर्डनरमध्ये, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या फायलीत लावतात. वीस वर्षांत हे त्या बाबतीत पक्के जर्मन झाले होते. विमा, घरभाडं, दवाखाना. आणि एका ऑर्डनरवर ‘अमेरिका’. तो मी उघडलाच नाही. ते भांडण पुन्हा नको होतं. रद्दीच्या दिवशी निळ्या डब्यात टाकून आले.

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात आजोबा, हातात ऑर्डनर.

“आल्झो... हे बघा, निळ्या डब्यात फक्त कागद. यातली लोखंडी पकड आधी काढायची असते.”

“चुकलं माझं.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले, आणि खिशातून पक्कड काढून माझ्या हातात दिली.

लोखंड काढायचं तर कागद आधी सोडवायला हवे होते, म्हणून फाइल उघडावी लागली. वर्तमानपत्रांची कात्रणं होती. कोणत्या कंपन्यांनी कुठल्या पक्षाला देणग्या दिल्या, त्यांवर पेन्सिलीच्या खुणा. बऱ्याच नावांसमोर दोन्ही पक्ष. आणि शेवटी यांच्या बारीक अक्षरातला एक कागद:

‘माधुकरी: तो म्हणतो ते बरोबर. माझ्याकडे उत्तर नाही.
नोकरी आणि तत्त्वं: हेही बरोबर. लागलं, पण बरोबर.
फोन करून त्याला सांगणे.’

ओहायोत सकाळ झाली होती. मी फोन लावला आणि वाचून दाखवलं.

पलीकडून दीर म्हणाले, “मग केला का नाही फोन?”

“भोकं पाडून फाइलला लावलं होतं ना. तुमच्या दादाच्या लेखी तेवढ्यात काम झालं.”

दीर हसले. “वहिनी, परत एकदा वाचता?”

मी परत वाचलं.

तो कागद भोकांसकट मी त्यांना पोस्टाने पाठवला. ऑर्डनर कपाटात परत ठेवला. पक्कड न वापरताच आजोबांना परत केली, सोबत डबाभर चकल्या दिल्या. आभार कशाचे, ते काही त्यांना समजलं नाही. पण डबा त्यांनी घेतला.