रेघ कुणीकडे सरकली

तुम्ही तुमच्या गाडीखाली शेवटचं कधी झोपला होतात? गाडीत नव्हे, गाडीखाली. पाठ मातीत, नाकावर गिअरबॉक्स आणि डोळ्यात पडायच्या बेतात असलेला गंजाचा पोपडा. नसालच झोपलात. तुमची गाडी मेकॅनिक बघतो, त्याचं बिल तुम्ही बघता, आणि सगळं ठीक आहे असं दोघंही समजून चालता. आमचा रेघोबा असं काही समजून चालत नाही.

रेघोबा हे नाव त्याच्या पाठीमागे घ्यायचं. तोंडावर आम्ही सगळे काका म्हणतो. नोकरीत तो दुकानांचे तराजू तपासायचा. वजनं खरी आहेत का, काटा मध्ये येतो का, आणि मुख्य म्हणजे तराजूचं सील शाबूत आहे का. सील तुटलेलं दिसलं की दुकानदार काहीही सांगो, उंदराने कुरतडलं, पोराने ओढलं, हा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि कारवाई करायचा. तुटलं म्हणजे तुटलं. माणूस रिटायर झाला, डोळे काही रिटायर झाले नाहीत. भाजीवाली अजून त्याला बघितलं की तराजू पुसून ठेवते.

त्याची थोरली बहीण वरच्या वस्तीत राहते. तिला सगळी वस्ती अक्काच म्हणते. तिची मूत्रपिंडं कामातून गेली आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला खाली हॉस्पिटलात यावं लागतं. वस्तीचा रस्ता खाण चालवणाऱ्या खडीवाल्याच्या डंपरांनी खाऊन टाकलाय. रिक्षा चढत नाही. ॲम्ब्युलन्स पायथ्याशी उभी राहते आणि फोनवर सांगते, पेशंटला खाली आणा. या रस्त्यासाठी मी भांडते. कुणी नेमलेलं नाही मला, कुठल्या कॉलेजात शिकलेही नाही, पण माझा आवाज कुठल्या मजल्यापर्यंत पोहोचतो ते सगळ्या साहेबांना माहीत आहे.

मी भांडत राहिले आणि रेघोबाने जीप घेतली. चारही चाकं ओढणारी, भंगाराच्या वाटेवर निघालेली जुनी जीप. गॅरेजात मात्र नेली नाही. "तिथे चांगला पार्ट काढून दुसऱ्याचा मेलेला बसवतात," हे त्याचं ठाम मत. घरामागच्या अंगणात, खडी पसरलेल्या जमिनीवर, त्याने ती स्वतः उघडली. चुकत, शिव्या घालत, पुन्हा उघडत. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवून गाडी उंच केली. मोडीत निघालेल्या बसचं सीट आणून स्प्रिंगांवर बसवलं, अक्काच्या सुया टोचून टोचून सुजलेल्या हाताला धक्का बसू नये म्हणून. चढायला पायरी केली, धरायला दांडा लावला, दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली. उडणारे दगड मागच्या ब्रेकच्या पाइपला लागू नयेत म्हणून खालून पत्रा वाकवून कवच बसवलं. त्या पत्र्याचा त्याला फार अभिमान. "कंपनीला सुचलं नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

आणि प्रत्येक नट आवळून झाला की त्यावर लाल रंगाची एक बारीक रेघ मारायचा. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. कुणी नट हलवला तर रेघ तुटणार. म्हणून तो रेघोबा. चाकांचे, सायलेन्सरचे, सीटचे, सगळे नट रंगवलेले. एकदा त्याच्या बायकोने गॅसच्या शेगडीवर रेघ सापडल्याचं मला सांगितलं. "आता माझ्या कपाळावर राहिलीय," म्हणाली.

तर मधल्या काळात जीप ब्रेक ऑइल खायला लागली. रेघोबा डबा भरायचा, पुढच्या खेपेला पातळी खाली. त्याने खाली वाकून ब्रेकच्या सगळ्या रेघा बघितल्या. शाबूत. म्हणजे जीपमध्ये काही नाही. म्हणजे दोष तेलात. तो स्पेअर पार्टवाल्याकडे गेला, मी बरोबर होते.

"यात भेसळ आहे. उडून जातं."

"काका, ब्रेक ऑइल उडत नाही."

"मग कोण पितं?"

"ते मी कसं सांगू? जीपच पीत असेल. पण पिऊनही थांबते ना बरोबर?" दुकानदार म्हणाला आणि स्वतःच हसला. रेघोबा हसला नाही. तिथून पुढे तो दुसऱ्या दुकानात जाऊ लागला. पातळी खालीच.

हे असं चाललेलं असताना एका दुपारी त्याचा फोन आला. "ताई, या. एकट्या या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला न्यायचं होतं, म्हणून तो जीप तपासत होता. मी पोचले तेव्हा त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मीही साडी खोचली आणि आत सरकले. त्याने बॅटरीचा झोत मागच्या ब्रेकच्या पाइपवर टाकला. पत्र्याच्या वर, जिथे पाइप जोडलाय तिथल्या नटावर, लाल रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, शेजारच्या लोखंडावरचा दुसरीकडे.

"ब्रेकलाच हात घातलाय," तो म्हणाला. "अक्का बसते यात."

माझं डोकं फिरलं. आठवड्यापूर्वीच खडीवाला मला तोंडावर म्हणाला होता, "तुमची जीप किती दिवस चढते बघू." मी तिथेच, जीपखाली पडल्या पडल्या म्हणाले, "चला पोलिसांत. आत्ता."

"पंचनामा होईल."

"होऊ दे."

"गाडी ठाण्याच्या आवारात उभी करतील. उद्या अक्काचं काय?"

ते खरं होतं. तक्रार केली तर जीप अडकते आणि अक्काची खेप चुकते. मागे एक खेप चुकली होती तेव्हा तिच्या पायांना इतकी सूज आली की चप्पल घालता येईना, आणि रात्रभर उशीला टेकून बसावं लागलं. तक्रार नाही केली तर ज्याने ब्रेकला हात घातला तो मोकळा, आणि त्याच गाडीत तिला घालून तो उतार उतरायचा. मी म्हटलं, "बरं, खडीवाला नसेल तर कोण?"

त्याने बॅटरीचा झोत नटावरच ठेवला. मग म्हणाला, "दाजी."

दाजी म्हणजे अक्काचा नवरा. खडीवाल्याकडे डंपर चालवायचे आणि स्वतःच दुरुस्तही करायचे. एकदा ब्रेक न लागून त्यांचा डंपर उलटला, नोकरी गेली. रेघोबाने जीप घेतली तेव्हा ते म्हणाले होते, "ब्रेक मी बघतो." त्यावर हा म्हणाला, "तुमचे ब्रेक साऱ्या गावाने बघितलेत." तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. दाजी जीपमध्ये पाऊल ठेवत नाहीत. जीप अक्काला घेऊन रस्त्याने जाते, ते पायवाटेने उतरतात आणि हॉस्पिटलाच्या दारात उभे असतात.

"जीप माझ्या नजरेआड होते ती एकाच ठिकाणी," रेघोबा म्हणाला. "त्यांच्या अंगणात. अक्काला हात द्यायला मी आत जातो तेव्हा."

मला ते पटेना, पण मी कुणालाही सहज सोडत नाही. ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून मी एक शिकलेय, काय झालं एवढंच विचारायचं नाही, कुणाच्या फायद्याचं झालं तेही विचारायचं. मी नटाकडे बघत राहिले आणि विचारलं, "काका, हा नट कुणीकडे फिरवला की सुटतो?"

त्याने हवेत बोटं फिरवून दाखवलं. बोटं निम्म्यात थांबली.

रेघेचा तुकडा उलट्या बाजूला सरकला होता. नट कुणी सोडला नव्हता. आवळला होता.

साऱ्या नोकरीत या माणसाने तुटलेली सीलं बघितली, आणि सील कुणीकडे तुटलं हे त्याला कधी बघावं लागलं नव्हतं. तुटलं म्हणजे तुटलं. त्याने बॅटरी जवळ नेली, बोट पत्र्याच्या आतून फिरवलं आणि बोट ओलं निघालं. ब्रेक ऑइल. त्या नटातून महिनोन्‌महिने थेंब थेंब गळत होतं, अभिमानाच्या पत्र्यावर साचून कडेने खाली जात होतं आणि अंगणातल्या खडीत जिरत होतं. रेघ मात्र एवढा वेळ शाबूत. नट तसूभर न हलताही गळत होता, आणि हा बाबा फक्त रेघ बघत होता. नट स्वतः मात्र आता कोरडा होता, फडक्याने पुसल्यासारखा.

तो बाहेर सरकला, ऑइलचा डबा उघडून बघितला. या खेपेला पातळी जिथल्या तिथे. सीटवर बसून ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. "कडक आहे," म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला की कुणी नवीनच फसवणूक केलीय.

सकाळी मीही बरोबर गेले. दाजींच्या अंगणात फरशी आहे, आणि जीप उभी राहते तिथे मागच्या चाकाजवळ एक काळपट डाग, घासूनही न गेलेला. रेघोबा त्या डागाकडे बघत उभा राहिला. दाजी दारात बूट घालत होते. अक्का मध्ये खुर्चीवर.

"अक्का, विचार त्यांना, माझ्या गाडीला हात कुणी लावला."

दाजींनी मान वर केली नाही. "सांग तुझ्या भावाला, हात नाही लावला. पाना लावला."

"विचार, विचारून का नाही लावला."

"मी काय टेलिफोन आहे का?" अक्का म्हणाली. "माझी वेळ चाललीय. समोरासमोर उभे आहात, बोला."

दाजींनी बुटाची नाडी आवळली. "साहेब, विचारलं असतं तर लावू दिला असता?"

रेघोबा पुन्हा फरशीवरच्या डागाकडे बघू लागला.

"दर खेपेला फरशी ओली दिसायची. तुमच्याकडे खडी आहे, तुम्हाला दिसणार नाही. गाडी तुमची आहे, मान्य. आत बसते ती माझी बायको आहे."

पायवाटेने ते इतके महिने का उतरायचे, ते मला तेव्हा कळलं. पायवाट रस्त्याच्या वरून जाते. तिथून जीपची मागची चाकं दिसतात.

रेघोबाने सीटखालून रंगाची डबी आणि ब्रश काढला. मला वाटलं, आता स्वतः खाली जाऊन नवीन रेघ मारणार. त्याने डबी दाजींपुढे धरली. "नट तुम्ही आवळलात. रेघ तुम्हीच मारा."

दाजी खाली गेले. हा लगेच मागोमाग, तपासायला.

"वाकडी मारलीत."

"असू दे. माझी म्हणून ओळखू येईल."

त्या दिवशी दाजी जीपमध्ये बसले, मागे हत्यारांच्या पेटीवर. समेट वगैरे झाला असं समजू नका. ब्रेक कसा लागतो ते बघायला बसले होते. आणि रेघोबा उतारभर रस्त्यापेक्षा आरशात जास्त बघत होता, मागे पेटी कुणी उघडत तर नाही ना. अक्का बसच्या सीटवर दांडा धरून बसली होती. "दोघं मिळून मला दरीत घालाल," म्हणाली. मशीनवर वेळेत पोचली.

खडीवाल्यावरचा संशय मी मागे घेतलेला नाही. त्याने जीपला हात लावला नाही, रस्त्याला लावला, आणि तो रस्ता मी त्याच्याकडून करून घेणार आहे. तोवर जीपच चालणार. म्हणून एक सांगते. त्या चढावर कधी आलात आणि वाकड्या रेघेची ती जीप पुढे दिसली, तर तिला वाट द्या. आणि तिच्याखालून एखादा थेंब जरी पडताना दिसला, तरी हॉर्न वाजवून थांबवा. रेघोबा खाली उतरेल, तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघेल आणि विचारेल, तुम्हाला कुणी पाठवलं. विचारू द्या. पण थेंब दिसला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.