पाहुण्याचं कडवं

यतिन आता मेलबर्नच्या टार्निट उपनगरात राहतो, पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, मिळून त्याला जमाना झाला. पण मला आठवतो तो २००९ सालचा यतिन: कुकरीच्या कोर्सला आलेला, निफाडचा, मराठी माध्यमातला आणि कमालीचा हट्टी. रेस्टॉरंटात भांडी घासताना कानात सतत अमेरिकन रॅप. बोलण्यापुरतं इंग्लिश तो त्यावरच शिकला.

मेलबर्नच्या एका कम्युनिटी रेडिओवर रविवारी दुपारी आमचा मराठी तास असायचा. मी बोलायची आणि यतिन पॅनल सांभाळायचा, म्हणजे गाणी लावायची, माइक चालू-बंद करायचा. त्या वर्षी विमानं भरभरून मुलं शिकायला येत होती, म्हणून शेवटची दहा मिनिटं त्यांच्या फर्माइशींना दिली. फर्माइश एकच, रॅप! यतिन मला समजवायचा, "ताई, गाणं एकाचं असतं, पण मधलं कडवं दुसराच येऊन म्हणतो. पाहुणा. आणि गाणं हिट होतं ते त्या पाहुण्यामुळे."

शिव्याही पाहुण्याच्याच कडव्यात असतात, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. ते दीनानाथकाकांनी सांगितलं, थेट रेडिओच्या मॅनेजरला पत्र लिहून. काका एकाहत्तर सालापासून इथे. आमचे सगळ्यात जुने श्रोते आणि सगळ्यात खडूस. मॅनेजरने बजावलं, अजून एक तक्रार आली की मराठी तास बंद. तेव्हापासून आम्ही शिव्या गाळलेलंच गाणं लावायचो.

त्या रविवारी फर्माइश अपूर्वची होती, यतिनच्या रूममेटची. आदल्या आठवड्यात रेल्वे स्टेशनबाहेर दोघांनी त्याला मारून फोन हिसकावला होता. जबडा तारेने बांधलेला, बोलता येत नव्हतं, हॉस्पिटलच्या खाटेवर पडून रेडिओ ऐकत होता. मी त्याचं नाव घेतलं, जबड्याची हकिकत सांगितली, यतिनने सीडी लावली आणि तिसऱ्या सेकंदाला त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ताई, ट्रॅक चुकला. क्लीनवालं नाही, ओरिजिनल लागलंय. शिव्यांसकट."

"बंद कर!"

"अपूर्व ऐकतोय."

"अरे, तास जाईल आपला!"

"मला सगळं पाठ आहे. फक्त बोलू नका."

आवाज वर-खाली करायच्या पट्टीवर त्याने बोट ठेवलं. मधलं कडवं आलं आणि पाहुण्याची तोफ सुरू झाली. यतिन ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होता. शिवी बाहेर पडायच्या आत पट्टी खाली, लगेच वर. एक. दोन. मग तीन लागोपाठ. मी बोटांवर मोजत होते. खरं सांगते, मला त्याचा भयंकर राग आला होता. आठ वर्षांचे माझे रविवार, आणि हा पोरगा ते एका गाण्यासाठी पणाला लावतो! सातव्या शिवीला घामाने त्याचं बोट सटकलं. मी डोळे मिटले. पण त्याने दुसऱ्या हाताने पट्टी खेचली. आठ, नऊ, दहा. अकरा. गाणं संपलं.

यतिन खुर्चीत मागे कोसळला आणि त्याने एक अस्सल मराठी शिवी हासडली. इतकी भरघोस, की मी ती इथे लिहिणार नाही. मग माझं लक्ष दारावरच्या पेटलेल्या लाल दिव्याकडे गेलं. माझ्या निवेदनासाठी त्याने माइक आधीच चालू करून ठेवला होता.

मी काहीतरी बोलून कार्यक्रम गुंडाळला. दोन मिनिटांत फोन वाजला.

"शोभाबाई, आत्ता ओरडला तो कोण?" दीनानाथकाका.

"यतिन. काका, चूक झाली, मी..."

"कुठला?"

"निफाडचा."

मनातल्या मनात मी मराठी तासावर पाणी सोडलं.

"माझे वडील निफाडच्याच बाजूला एसटीत ड्रायव्हर होते," काका म्हणाले. "कसारा घाटात गाडी तापली की हीच शिवी. अशीच, पोटातून. इथे आल्यापासून आज पहिल्यांदा ऐकली."

"मग मॅनेजरला पत्र लिहिणार का, काका?"

"कसलं पत्र? मॅनेजरला मराठी कळते का?" ते पुन्हा खडूस झाले. "पुढच्या रविवारी पोराला जेवायला आणा. तो जबडावाला सुटला तर त्यालाही. चावता येत नसेल, तर त्याच्यापुरती पातळ पेज करू."