गुळभेंडीचं लॉन आणि साहेबांचा डबा

आमच्या वस्तीतल्या बागेला बाग म्हणायचं धाडस फक्त महापालिकेच्या पाटीने केलं होतं, आणि ती पाटीसुद्धा शरमेने एका खिळ्यावर उलटी लोंबकळत होती. आत एक घसरगुंडी, चार कडुलिंब आणि फाटकाजवळ सिमेंटचं एक हरीण. हरणाला डोकं नव्हतं. सोलापूरच्या उन्हात ते वितळलं असं मी पाहुण्यांना सांगतो, आणि एप्रिलात आलेल्या पाहुण्यांना ते पटतंही. त्या घसरगुंडीवर आमच्या गल्लीतल्या बायकांनी पापड भाजलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. एकदा तर पापड टाकायच्या आधीच, नुसता वर धरला तर भाजून निघाला.

पण आमच्या हिचा या बागेवर भारी जीव. ही मोडनिंबकडची, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा पहिला प्रश्न तिने विचारला होता, "हितं माती कुटं हाय?" मी तिला चौक दाखवला, बाजार दाखवला, चिंचोळी एमआयडीसीतला, मी सुपरवायझर होतो तो कारखाना बाहेरून दाखवला. माती काही मला दाखवता आली नाही. ती तिने आपली आपणच शोधून काढली, या बागेत. तेव्हापासून रोज सकाळी चपला फाटकाशी काढून ती कडुलिंबाखाली अनवाणी फेऱ्या मारते. कामावर जायच्या वेळी चहाला उशीर व्हायचा तो त्या फेऱ्यांमुळे, आणि निवृत्त झाल्यावर चहाच मिळेनासा झाला तोही त्यामुळेच.

गणपती उठले आणि बागेत साहेब आले. साहेब म्हणजे पालिकेचे बागांचे अधिकारी. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा कायम पावती हरवल्यासारखा. त्यांनी सगळ्यांना हरणाभोवती गोळा केलं.

"कुंपण, बोअर, दिवे. यातला लोकवाटा तुम्ही उभा करायचा," ते म्हणाले. "गुढीपाडव्यापर्यंत. नाही जमला तर ही जागा पार्किंगला जाणार आहे. वरून तसं ठरलंय."

"आनि झाडं?" हिने विचारलं.

"झाडं पार्किंगमध्ये बसत नाहीत, मावशी."

घरी आल्यावर हिने कपाटावरची मोठी पिशवी काढली, झटकली आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

"हे काय?"

"बाग गेली की मी मोडनिंबला भावाकडं. तितं माती हाय. तुमी बसा हितं पार्किंगमदी."

मी हसलो. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं. मला स्वयंपाकातलं फक्त पाणी उकळता येतं, तेही कुणी गॅस पेटवून दिला तर.

म्हणून आम्ही वर्गणीला निघालो. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा शेजारचे, आयुष्यभर मागावर टॉवेल विणून आता रिकामे झालेले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. आम्ही पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलो. आमच्याकडे गणपतीची वर्गणी लोक न बोलता देतात, देवीची देतात, अगदी क्रिकेटच्या पोरांनाही देतात. पण बागेची म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. कुणाचा मुलगा पुण्याला असायचा, कुणाचं दूध उतू जायचं. एका घरी तर दार उघडण्याआधीच आतून आवाज आला, "घरात कोणी नाही!"

"एमय्या, काय हो सुपरवायझर," अण्णा जिना उतरताना म्हणाले, "देवाला भितात म्हणून देतात. बागेला कोन भितो?"

इकडे हिने आणि तिच्या भिशीतल्या बायकांनी वेगळंच काम काढलं होतं. परतीचा पाऊस बरा झाला होता. बागेतलं लॉन मरून दोन वर्षं झाली होती, काळी माती नुसती उघडी पडली होती. शेतकऱ्याच्या लेकीला ओल असलेली उघडी काळी माती बघवत नाही. तिने भावाकडून गुळभेंडी ज्वारीचं बी मागवलं, आणि एके सकाळी फेऱ्या मारता मारता बायकांनी बाग पेरून टाकली. मला पत्ता लागला तो पीक गुडघ्याला लागल्यावर.

पीक काय आलं म्हणता! हरीण दिसेनासं झालं. घसरगुंडीवरून पोर घसरलं की थेट कणसांत गडप व्हायचं आणि आई त्याला हाका मारत ताटं बाजूला करत शोधायची. चिमण्या एवढ्या आल्या की अकलूजकडच्या चिमण्यांना तिकडे करमेना, असं मला तिकडच्या एका माणसाने सांगितलं. निदान सांगितलं असतं.

डिसेंबरात साहेब पाहणीला आले. फाटकातच उभे राहिले.

"हे काय आहे?"

"लॉन," मी म्हणालो.

"माझ्या छातीला लागतंय."

"कमी पाण्याची जात आहे, साहेब. गुळभेंडी लॉन."

साहेबांनी एक पान हातात धरलं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. साहेबांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, हे मला मागाहून कळलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कापणी वेळेवर करा लॉनची," आणि स्कूटर चालू केली.

त्या क्षणी माझ्या डोक्यात हुरडा भरला. हल्ली लोक गाड्या काढून लांब शेतांवर हुरडा खायला जातात, माणशी पैसे मोजतात, वर बैलगाडीत बसून फोटोही काढतात. आमच्याकडे तर शेतच शहरात आलं होतं. तिकीट लावू, लोकवाटा उभा करू! मी गुलाबी कागदावर तिकिटं छापून घेतली. हिला मात्र तिकिटांबद्दल सांगायचं राहून गेलं. म्हणजे मी ते राहू दिलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि कणसं दुधात आली. रविवारी सकाळी बायकांनी गोवऱ्यांची आगटी पेटवली. कणसं निखाऱ्यात भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, पाखडायची आणि हिरवे मऊ दाणे शेंगाचटणी, गूळ आणि दह्याबरोबर समोर ठेवायचे. त्याच्या वासाने काय काय घडलं ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा माणूस फेकतोय. टेंभुर्णीला जाणारी एसटी आमच्या कोपऱ्यावर थांबली आणि ड्रायव्हर सगळ्यात आधी उतरला, एवढंच सांगतो.

मी फाटकाशी हरणावर बसलो होतो, मांडीवर तिकिटं, शेजारी पत्र्याची पेटी. पहिलं कुटुंब आलं. मी तिकीट फाडणार, तेवढ्यात ही आगटीवरून उठून आली. हाताला राख, कपाळावर घाम.

"हे काय चाललंय?"

"तिकीट. बागेसाठी."

"हुरड्याला बोलावल्याल्या मान्साकडनं पैसं?" तिचा आवाज असा चढला की चिमण्या उडाल्या. "माज्या म्हायेरी कळलं तर भाऊ दारात हुबा करनार न्हाय मला. शेतावर आल्याला मानूस पाव्हना असतोय. उटा, त्या जनावरावरनं आदी उटा!"

"अगं, पण पाडवा—"

"पाडव्याचं पाडव्याला. या हो या, बसा की! आगटीपशी जागा हाय."

माझी गुलाबी तिकिटं आगटी फुलवायच्या कामी आली. अर्धं सोलापूर फुकट जेवलं. जाताना हिने प्रत्येकाच्या हातात स्टीलचा एकेक डबा दिला, घरी राहिलेल्यांचा वाटा म्हणून. कारखान्याने मला दर दिवाळीला बोनसबरोबर एक डबा दिला होता, ते सगळे गेले. भिशीतल्या बायकांनीही आपापले डबे रिते केले. संध्याकाळी मी पेटी उघडली. आत एक शर्टाचं बटण होतं.

एवढ्यावर भागलं नाही. कुणीतरी धुराची तक्रार केली आणि साहेब आले. आधी हिने त्यांना बसवलं. साहेब उकिडवे बसले आणि डोळे मिटून इतकं खाल्लं की मला वाटलं, पार्किंगचं विसरले. मग हात झटकून उठले आणि एकदम अधिकारी झाले.

"सार्वजनिक जागेत विनापरवाना शेती. विनापरवाना जाळ. मला कुलूप लावावं लागेल, मावशी. तक्रार लेखी आहे."

"लावा की. तुमचं काम हाय ते."

त्यांनी फाटकाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. स्कूटरला किक मारणार तेवढ्यात हिने डबा पुढे केला.

"हे मला घेता येत नाही."

"तुमाला कोन देतंय? तुमच्या आईला हाय. आई हाय न्हवं घरात?"

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि डबा घेतला.

त्या रात्री मी कोपऱ्यात बसून माझ्या भवितव्याचा विचार केला. पेटीत बटण, फाटकाला कुलूप, आणि हिने पिशवी खिळ्यावरून काढून त्यात दोन लुगडी घातलेली. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप भाकरी थापायचा सराव केला. सोलापूरची कडक भाकरी कडक असतेच, पण माझी भाकरी अण्णांनी नुसती वाजवून पाहिली आणि म्हणाले, "गटारीवर झाकन बसंल."

आठवडा असाच गेला. मग पहिला डबा परत आला.

आता हे सांगायला नको, पण सांगतो. आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर का असेना, घालूनच द्यायचा. डबा रिकामा धाडणारी बाई गल्लीत तोंड दाखवू शकत नाही. तर पहिल्या डब्यात चिवडा होता. मी हात घातला. चिवड्याखाली नोटा होत्या, रबर लावलेल्या.

"चुकून राहिल्या असतील," मी म्हणालो.

"बागेच्या हुरड्याचा डबा," डबा घेऊन आलेली बाई पदर सावरत म्हणाली. "नुसता चिवडा घालून कसा द्यायचा? आमच्या सासूबाई म्हणाल्या, बागेला काय लागतं ते घाल." हेच ते घर, ज्यात वर्गणीच्या वेळी कोणी नव्हतं.

त्यानंतर जो पूर आला! सूतवाल्याच्या डब्यात नोटा आल्या, वर शास्त्राला एक लाडू. हार्डवेअरवाल्याच्या डब्यात झोक्याचे नटबोल्ट आले. वायरमनच्या डब्यात बल्ब, कापसात गुंडाळून. रोपवाल्याने डब्यात माती भरून करंजाचं रोप लावून पाठवलं. पैसे मागायला गेलो तर लोकांचं दूध उतू जात होतं, आणि आता लोक आमच्या दारात रांग लावून भांडत होते, की माझा डबा आधी घ्या, घरी सून वाट बघतेय. एके दुपारी दारात टेम्पो थांबला. वेल्डिंगवाला खाली उतरला आणि तोंड पाडून म्हणाला, "वहिनी, जाळी डब्यात बसंना. म्हणून डबा जाळीवर ठेवून आणलाय." दोन दिवसांनी बोअरची गाडी आली, तिच्या टपावर आमचा डबा, दोरीने बांधलेला. मला पलंगावर जागा उरली नाही. मी सिमेंटच्या गोण्यांवर झोपायला लागलो आणि खरं सांगतो, पाठ सुधारली.

"तू हे आधीच ठरवलं होतंस," मी हिला म्हणालो.

"मी कुटं काय मागितलं कुनाला?" ती डबे पुसत म्हणाली. "डबं दिलं नुसतं."

सगळे डबे आले. एक सोडून. साहेबांचा. आणि पाडवा आठवड्यावर आला. जाळी दारात, पंप दारात, आणि बागेला कुलूप. आम्ही पालिकेत गेलो तर साहेब 'साइटवर'. दुसऱ्यांदा गेलो तर पुन्हा साइटवर.

"तोडू कुलूप," अण्णा म्हणाले.

"तोडायचं न्हाय," ही म्हणाली. "त्येंच्या घरात आई हाय. डबा येतोय." पण पिशवीत तिसरं लुगडं गेलेलं मी पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिचा हात पिशवीच्या तोंडाशी जरा थांबलेलाही पाहिला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी स्कूटर वाजली. साहेब दारात, हातात डबा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"मावशी, हा डबा घ्या आणि माझी सुटका करा," ते म्हणाले. "हुरडा संपला त्या दिवसापासून आई रोज सकाळी हा माझ्या चहाशेजारी मांडतेय. रिकामा शिपायाबरोबर पाठवतो म्हटलं तर म्हणते, 'खाली डब्बी कळिसबारदप्पा,' रिकामा डबा धाडू नये बाबा. लाडू घालून देऊ का म्हणाली, तर मी म्हटलं, तुमची फाइल माझ्याकडे आहे, मला काही देता-घेता येत नाही. तर कानडीत म्हणाली, तुझ्या खिशात त्यांचं जे आहे ते घाल."

हिने झाकण उघडलं. आत किल्ली होती. आणि नुसती किल्ली बरी दिसत नाही म्हणून त्यांच्या आईने वर चिमूटभर साखर टाकली होती.

आम्ही सगळे बागेत गेलो. साहेबांनी स्वतः कुलूप काढलं. मागून टेम्पोतून जाळी आली, पंप आला, दिवे आले, वेल्डिंगवाला आला. साहेबांनी सगळ्याभोवती एक फेरी मारली, वाळलेल्या कडब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लोकवाटा भरला, असा अहवाल देतो. पार्किंगला दुसरी जागा बघू म्हणावं. लॉन मात्र काढून घ्या."

"काढतो की," मी म्हणालो. "पुढच्या पावसापर्यंत."

साहेबांनी ते ऐकलं नाही. किंवा ऐकायचं नाही असं ठरवलं.

घरी येऊन हिने पिशवीतली लुगडी कपाटात ठेवली आणि डबा धुवायला घेतला. मी चहाची वाट बघत बसलो. तेवढ्यात मोरीतून आवाज आला, "अहो, हे बगा की."

"आता काय?"

"हे झाकन आपलं न्हाय. त्येंच्या आईनं चुकून घरचं लावलंय. बसंना बगा." तिने झाकण उजेडात धरून फिरवलं. "परत करायला पायजे."

"देऊ की. झाकणच आहे."

"नुसतं झाकन? रिकामं?" असं म्हणून ती फळीवरच्या डब्यांमध्ये त्या झाकणाला बसेल असा डबा शोधू लागली. मोठ्यातलाच एक उतरवला. बागेच्या फाइलीवर साहेबांची सही अजून व्हायची होती.