दातांतून ओढलेला श्वास

आमच्या घानातल्या बोल्गात कुणासमोर दातांतून श्वास ओढणं म्हणजे त्याचा सात पिढ्यांसकट उद्धार करणं. सोयरिकी मोडल्यात त्यावरून. आणि ओसाकाहून आलेले हिरोसेसाहेब नेमकं तेच करून बसले, तेही बत्तीस बायकांच्या देखत.

या बायका गवताच्या टोपल्या विणतात. त्यांची पुढारी माझी वहिनी, आयिनपोका. शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली. जुन्या गिऱ्हाइकाने यंदा पाठ फिरवली होती. हिरोसेसाहेबांनी माल घेतला तरच नवी बाजरी येईपर्यंत बत्तीस चुली पेटणार होत्या.

सुरुवात झकास झाली. बाजरीच्या पिठाचं पाणी साहेब दोन्ही हातांत घेऊन तळापर्यंत प्यायले. घरच्यांची, गुरांची, पावसाची रीतसर विचारपूस झाली. मग त्यांनी मोठी टोपली उचलली, वितीने मोजली, मान कलती केली आणि 'स्स्स्...'

विणणाऱ्यांतली तलाता कंबर बांधून उठलीच. "आई नव्हती वाटतं ह्याला शिकवायला," ती पुटपुटली. मी दुभाष्या. घाईघाईने विचारलं, आवडली का? साहेब म्हणाले, सुंदर आहे, पण जरा अवघड आहे. काय अवघड, तर नुसते हसले आणि पुन्हा तोच श्वास. मी वहिनीच्या कानाशी लागलो, की दहा सेडींनी भाव उतरव, नाहीतर पाहुणा जातोय.

"भावोजी, तोंड भाषांतरापुरतंच उघडा," वहिनी म्हणाली.

तिचं लक्ष साहेबांच्या तोंडाकडे नव्हतंच, हातांकडे होतं. ते पुन्हा वीत लावत होते, आणि या खेपेला त्यांनी करंगळी मिटून घेतली होती. वहिनीने काही विचारलं नाही. आतून मधली आणि लहान टोपली आणून मोठीशेजारी ठेवली, तलाताला दंडाला धरून खाली बसवलं आणि सगळ्यांना पाठ करून विणायला लावलं. मलासुद्धा पाठ फिरवायला लावली. 'नको' म्हणावं असा एकही चेहरा पाहुण्यापुढे उरला नाही.

थोड्या वेळाने गवत जमिनीवर सरकल्याचा आवाज. वळून बघतो तो लहान टोपली पुढे आलेली आणि साहेब कमरेत वाकलेले. त्यांच्या दुकानातल्या फळ्या अरुंद होत्या म्हणे. अशा चारशे हव्या होत्या.

मला चार भाषा येतात. त्या चारही त्या दिवशी अंगणात खाली मान घालून उभ्या होत्या. मी वहिनीला विचारलं, तुला कळलं कसं?

"जावई सासुरवाडीत 'कालवण खारट झालंय' म्हणतो का? तो पाणी मागतो. ओळखायचं आपण. ह्यांचा श्वास म्हणजे तेच पाणी." मग हळूच म्हणाली, "आता त्या श्वासाचं तुम्ही सांगा त्यांना. पुढच्या गावात मार खातील बिचारे. पण तोंडावर नको."

म्हणून गाडी चालवता चालवता, रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं. दोन गावं मागे पडली, तेव्हा मागच्या सीटवरून साहेबांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, बाईंची माफी मागायची तर इथे काय न्यायची पद्धत आहे?

मी गाडी वळवली.