ईशान्येचं पाणी

गृहप्रवेशाला महिना झाला नाही तोच आमच्या नव्या घरातलं पाणी उलटं फिरलं. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये वरणाचं पातेलं विसळलं की मागच्या मोरीतून वरण वर यायचं. संडासाची लाइन वेगळी होती, तेवढं नशीब. राग तसाही माझ्या नाकावरच असतो, शाळेतली पोरं सांगतील. त्या दिवशी तर तो घरभर पसरला.

पण खरी पंचाईत पाण्याची नव्हती, आईची होती. वडील गेल्यापासून ती अकोल्याला जुन्या शहरात एकटी राहत होती. लेकीच्या घरी दोन रात्रींच्या वर राहायचं नाही, हा तिचा नेम. जावयाचं घर म्हणजे पाहुणचार, मुक्काम नव्हे. अमरावतीच्या या घरात एक खोली मी तिच्यासाठीच काढली होती, पण सांगायची हिंमत झाली नव्हती. सांगितलं असतं तर ती आलीच नसती. कशीबशी मिनतवारी करून आणलं, तिसरी रात्र उलटवली आणि मोरीने घात केला.

आई भांडी राखेने घासते. राखेचा डबा ती अकोल्याहून सोबतच घेऊन आली होती. मोरी तुंबलेली पाहताच तिने पिशवी भरायला काढली.

"माह्याच राखेनं तुंबली. सकाळच्या गाडीवर सोडून दे मले."

"कुठी जात नाहीस तू," मी अशी काही ओरडले की शेजारीण गच्चीवरून डोकावली.

प्लंबरने मागचं चेंबर उघडलं, बांबूची कामटी घालून पाहिली आणि हसायलाच लागला. "काकू, राखेचा काही गुन्हा नाई. पाइपालेच उतार नाई, तं पानी जाईन कसं?"

उतार का नव्हता, ते मला ठाऊक होतं. प्लॉटचा उतार ईशान्येला, परसाकडे. पण माझे काकासासरे भिक्षुकी करतात. ईशान्य म्हणजे देवाची दिशा, तिकडून खरकटं पाणी काढायचं नाही, असं त्यांनी पाया खोदतानाच बजावलं होतं. मग पाइप अख्ख्या घराला वळसा घालून समोरच्या वायव्य कोपऱ्यात नेला. नवरा वकील. कोर्टात न्यायाधीशांशी वाद घालतो, काकांपुढे मात्र नुसती मान डोलावतो.

प्लंबरने जुना पाइप उखडला आणि तिवशाला दुसऱ्या कामावर पसार झाला. फोन केला की "येऊनच राहिलो ना बाई" म्हणायचा. मी त्याचा रोज उद्धार करत होते. तोवर सिंकखाली बादली. ती भरली की आई परसात नेऊन ओतायची. राहायला कारण मिळालं होतं. लेक शाळेत, जावई कोर्टात, मग बादली कोण उचलणार?

आईचं माहेर भाजीवाल्यांचं, ओलिताच्या वावरातलं. वाहतं पाणी वाया गेलेलं तिला बघवत नाही. एका संध्याकाळी घरी आले, तर परसात वाफे करून तिने मेथी आणि सांभार पेरला होता. सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पुढे वांग्याची रोपं आली. ती कुठून आणली, ते तिने अजूनही सांगितलेलं नाही.

आता प्लंबर आला नाही तर बरं, असं मला वाटू लागलं. मी फोन करणं बंद केलं. आणि मेला नेमका तेव्हाच आला.

त्याच दिवशी काकासासरेही आले. नवी लाइन सरळ ईशान्येला, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. नवरा चष्मा पुसू लागला. आई पदर सावरून पुढे झाली.

"बुवा, झाडाले घातलेलं पानी खरकटं असते काय हो?"

काकासासऱ्यांनी मेथीकडे पाहिलं, वांग्यांकडे पाहिलं. "नाई," ते म्हणाले, "ते तं सिंचन झालं. सिंचनाले दिशेचा दोष नाई." आणि जाताना मेथीची जुडी घेऊन गेले.

अर्ध्या दिवसात पाइप बसला. सिंकचं पाणी खळखळत वाफ्यांत जाऊ लागलं. मी बादली पालथी घातली. आता तिला अडवायला काय उरलं होतं? रात्रीची भांडी मी मुद्दाम खडखड करत घासत होते, तिच्या खोलीतून पिशवी भरल्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

आवाज आला तो फोनवर बोलण्याचा. अकोल्याच्या शेजारणीशी बोलत होती.

"अवं, माही तुळस उचलून तुह्या दारात नेऊन ठेव. मले आता तिकडं येनं जमनार नाई. इथं वांग्याले फुलं लागून राहिली."

मी नळ सोडला तो बंदच केला नाही. जाऊ दे म्हटलं, वांग्यांकडेच तर जातं आहे. डोळे पुसले आणि पुन्हा तेच पातेलं घासायला घेतलं.